सतरा सप्टेंबर आणि आपली घरे

सप्टेंबर जवळ आला की आमच्याकडे एक प्रश्न हटकून येतो. कधी पत्रातून येतो, कधी वलीम्याच्या दस्तरखानावर शेजारी बसलेले कोणी हळू आवाजात विचारतात. यंदा तो एका वाचक भगिनीने विचारला आहे. त्यांचा मुलगा आठवीत आहे. शाळेत सतरा सप्टेंबरच्या भाषणांची तयारी सुरू झाली, तेव्हा वर्गातल्या एका मुलाने सहज विचारले, "तेव्हा तुमचे लोक कुठल्या बाजूला होते रे?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नव्हते, असे त्या स्वतःच लिहितात. मुलाने घरी येऊन अम्मीला विचारले, अम्मीने दादाअब्बांकडे पाठवले आणि दादाअब्बा म्हणाले, "जाने दो बेटा, पुरानी बातें हैं." आता मुलाला काय सांगू, असे त्या आम्हाला विचारतात.

सतरा सप्टेंबरला आपल्या शहरात सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मुख्यमंत्री झेंडा फडकवतात, शाळाशाळांतून मराठवाडा मुक्तिसंग्रामावर भाषणे होतात. आपल्या मोहल्ल्यांत मात्र तो दिवस बहुधा दार लोटून घेतल्यासारखा जातो. त्याची कारणे आम्हाला ठाऊक आहेत, पुढे त्यांवर लिहिणारच आहोत. पण दार लोटून घेतले की आत कोण कोण होते, हेही कोणाला कळत नाही. बाहेरच्यांना नाही आणि आपल्याच मुलांनाही नाही.

म्हणून या महिन्याचे पान त्या प्रश्नासाठी. सुरुवात थोडी दूरवरून करतो, कारण दूरची गोष्ट शांतपणे ऐकता येते.

दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजांनी नॉर्वे देश घेतला. तिथे क्विसलिंग नावाचा स्थानिक पुढारी जर्मनांच्या आधाराने सत्तेवर बसला. त्याने १९४२ च्या फेब्रुवारीत हुकूम काढला की सर्व शिक्षकांनी नव्या सरकारी संघटनेचे सभासद व्हावे आणि मुलांना पक्षाच्या युवक दलात घालावे. शिक्षकांकडे बंदूक नव्हती. त्यांनी एकच मजकूर ठरवला, प्रत्येकाने तो आपल्या हाताने लिहिला, खाली सही केली आणि टपालात टाकला. मजकूर एवढाच, की हे काम आम्ही करू शकत नाही. देशातल्या बहुसंख्य शिक्षकांनी अशी पत्रे पाठवली. सरकारने शाळा बंद केल्या आणि हजाराहून अधिक शिक्षकांना अटक केली. त्यांतल्या शेकडो जणांना पार उत्तरेला, बर्फाळ समुद्राकाठच्या किर्केनेस गावी जहाजाने नेऊन हमालीला जुंपले. आई-बापांनीही निषेधाची पत्रे लिहिली आणि घराघरांतून मुलांचे वर्ग चालले. हिवाळ्याच्या तोंडाशी सरकारने शिक्षक परत पाठवले. ती संघटना त्याला हवी तशी काही उभी राहिली नाही.

यात शौर्याची चित्रे काढावीत असे काहीच नाही. पण राज्य कसे चालते ते यातून दिसते. बंदूकवाला गावात रोज येत नाही. रोज येतो तो मास्तर, तलाठी, नाकेदार, वकील, टपालवाला, सावकाराचा मुनीम. त्यांनी हात आखडता घेतला की हुकूम कागदावरच राहतो. शस्त्र नसलेल्या माणसांच्या लढ्याचे मर्म आम्हाला इथे दिसते.

आता आपल्या घराकडे येऊ. इथे एक खुलासा आधी केलेला बरा. निजामाचे राज्य नॉर्वेतल्या जर्मनांसारखे नव्हते. ते कोणी कालपरवा बाहेरून येऊन घेतलेले नव्हते. आसफजाही घराणे दोनशेहून अधिक वर्षे दख्खनमध्ये होते आणि औरंगाबाद ही त्याची पहिली राजधानी. त्या राज्यात रेल्वे झाली, उस्मानिया विद्यापीठ झाले, दवाखाने झाले, आणि देवळांना, गुरुद्वारांना नेमणुकाही मिळाल्या. हे नाकारण्याचे कारण नाही. पण दीड कोटीहून अधिक वस्तीच्या या संस्थानात मुसलमान सुमारे आठात एक. बाकी रयत मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी, आणि राज्याच्या कारभारात तिचा आवाज जवळजवळ नव्हता. गश्ती निशान ५३ नावाचा एक हुकूम होता. सरकारची परवानगी घेतल्याशिवाय सभा भरवता येत नसे. जुन्या लोकांच्या तोंडी ही 'गश्ती' अजून असते. वाचनालयाचा वार्षिक समारंभ करायचा तरी कोतवालीत जाऊन उभे राहावे लागे.

आणि मग आले १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने. या तेरा महिन्यांत खेड्यापाड्यांतल्या माणसाला जे सोसावे लागले ते फौजेच्या कब्जाखालच्या मुलुखापेक्षा फार वेगळे नव्हते. म्हणून आम्ही ही दोन्ही उदाहरणे एका पानावर घेतली.

पण त्याही आधी दहा वर्षे मागे जावे लागेल, कारण सुरुवात आपल्याच शहरात झाली.

किलेअर्कच्या परिसरातले आपले सरकारी कॉलेज तेव्हा इंटरमिजिएट कॉलेज होते. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक या कॉलेजचे प्राचार्य होते, हे उर्दूवर प्रेम करणाऱ्या वाचकांना सांगायला नको. ते गेल्यावर काही वर्षांनी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, त्याच कॉलेजच्या वसतिगृहातल्या हिंदू मुलांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हणायला सुरुवात केली आणि अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी संप केला. ठिणगी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात पोचली आणि शेकडो मुलांची नावे पटावरून गेली. नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या नागपूरला गेलेल्या मुलांपैकी एक.

त्या गीताविषयी आपल्या घरांत काय भावना आहे हे आम्ही जाणतो. आपल्या श्रद्धेत ते बसत नाही म्हणून आपण ते म्हणत नाही, आणि ते म्हणण्याची सक्ती कोणावर होऊ नये असे आपले मत आहे. पण हाच न्याय उलटही लावून पाहावा. ज्यांची ती प्रार्थना होती त्यांना ती आपल्या खोलीत म्हणू न देणे, हेही सक्तीचेच दुसरे रूप होते. स्वतःसाठी जो हक मागायचा तो दुसऱ्याला नाकारता येत नाही.

त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. तुकडी रस्त्यावर यायची, आम्ही बंदी घातलेल्या संस्थेचे सभासद आहोत असे जाहीर करायची आणि तुरुंगात जायची. स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईची, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादची, शाळा सोडून या कामात आले होते. औरंगाबादेत गोविंदभाई श्रॉफ यांनी शिक्षकाची नोकरी सोडली होती. पुन्हा शिक्षकच, हे लक्षात घ्यावे. मात्र याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेनेही आपापले सत्याग्रह सुरू केले, आणि राजकीय हक्कांची मागणी व धर्माचे भांडण यांची गल्लत होऊ लागली. ती टाळावी म्हणून गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये आपला सत्याग्रह थांबवला. हा तपशील भाषणांत सहसा येत नाही. आम्हाला तो महत्त्वाचा वाटतो. चळवळ चालवणाऱ्यांनाच तेव्हा जाणवले होते की भांडण राज्यपद्धतीशी आहे, शेजाऱ्याशी नाही, आणि ही रेघ पुसली गेली तर सगळेच बुडेल.

दहा वर्षांनी ती पुसली गेलीच.

जून १९४७ मध्ये निजामांनी जाहीर केले की इंग्रज गेल्यावर हैदराबाद स्वतंत्र राहील. स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट हा हिंदी संघराज्यात सामील व्हा असे सांगणारा दिवस पाळला, आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. पुढच्या महिन्यांत लोकांनी काय केले पाहा. संस्थानाच्या सरहद्दीवर करोडगिरीची नाकी होती, म्हणजे जकात वसूल करणारी ठाणी. तिथे जकात द्यायचे नाकारले. लेव्हीचे धान्य सरकारी कोठारात घालायचे नाकारले. शिंदीच्या झाडांवर आबकारीचे मोठे उत्पन्न होते, ती झाडे तोडली. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली. वकिलांनी कोर्टात उभे राहायचे सोडले. 'मराठवाडा' साप्ताहिक पुण्याहून निघायचे आणि बंदी आली की नवे नाव घेऊन पुन्हा निघायचे. गीताताई चारठाणकर, आशाताई वाघमारे यांच्यासारख्या स्त्रिया या कामात होत्या. औरंगाबादच्या हर्सूल जेलच्या भिंती त्या काळात राजबंद्यांनी भरल्या.

सगळेच बिनहत्यारी होते असे मात्र कोणी सांगू नये. सरहद्दीबाहेर स्टेट काँग्रेसच्या छावण्या होत्या, तिथे शस्त्रे होती. तिथून नाक्यांवर आणि ठाण्यांवर हल्ले होत, उमरीची बँकही लुटली गेली. तेलंगणात कम्युनिस्टांची सशस्त्र लढाई वेगळीच चालू होती आणि तिच्या पुढाऱ्यांत मखदूम मोहिउद्दीन हे आपले मोठे उर्दू शायर होते.

दुसऱ्या बाजूला होते रझाकार. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचे हे स्वयंसेवक दल, आणि त्याचे पुढारी लातूरचे वकील कासिम रझवी. नवाब बहादुर यार जंग १९४४ मध्ये वारले, त्यानंतर दोनेक वर्षांत संघटना रझवींच्या हाती आली. तिची एक घोषणा होती, 'अनल मलिक', म्हणजे मीच राजा. संस्थानातला प्रत्येक मुसलमान राज्यकर्ता आहे, निजाम हे त्या राज्याचे केवळ प्रतीक. आता विचार करा. औरंगाबादेत हिमरू विणणारा कारागीर, पैठणच्या वाटेवर टांगा हाकणारा, बीडकडचा बागवान, कसाई, पिंजारी, ज्यांच्या घरात संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत, त्यांना सांगितले गेले की तुम्ही राजे आहात. मिळाले काहीच नाही. जमिनी जहागीरदारांच्याच राहिल्या, आणि जहागीरदारांत हिंदूही होते, मुसलमानही. पण खाकी कपडे आणि हातात भाला किंवा तलवार मिळाली. रझाकारांनी गावे लुटली, जाळली, माणसे मारली, बायकांची अब्रू घेतली. हजारो कुटुंबे घरदार सोडून सोलापूर-बार्शीकडे, नगरकडे, खानदेशाकडे निघून गेली. हे झाले. यात 'पण' लावून बोलणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे. आपले लोक कुठल्या बाजूला होते?

पुष्कळसे भीतीने घरात होते. काही रझाकारांत होते. आणि काही जण असे होते की ज्यांनी आपल्याच नावाने चाललेल्या जुल्माला उघडपणे नाही म्हटले. त्यांची संख्या मोठी नव्हती. पण त्यांचे नाही म्हणणे दुसऱ्या कोणाच्याही नाही म्हणण्यापेक्षा जड होते, असे आम्हाला वाटते. हिंदू सत्याग्रही तुरुंगात गेला की त्याच्या गल्लीत त्याच्या आईला चार बायका धीर द्यायला येत. मुसलमानाने नाही म्हटले की त्याच्या गल्लीत दारे बंद होत, मशिदीत शेजारी उभा राहणारा नजर चुकवी, आणि त्याला गद्दार म्हणत.

फरीद मिर्झा हे त्यांपैकी एक. ते नांदेड जिल्ह्यात महसूल खात्यात अधिकारी होते. चांगली नोकरी, राज्यात मान, पुढे बढतीची वाट. रझाकार खेड्यांत काय करतात ते त्यांनी जवळून पाहिले. आणि त्यांनी राजीनामा दिला. नॉर्वेच्या मास्तरांच्या पत्राइतकीच साधी कृती. पण मास्तरांबरोबर हजारो मास्तर होते. नांदेडच्या या मुस्लिम अधिकाऱ्याबरोबर त्या दिवशी कचेरीत कोण उभे राहिले असेल? घरी जाऊन त्यांनी बायकोला कसे सांगितले असेल? सरकारी नोकरी करणारे आमचे वाचक या दोन प्रश्नांवर थोडे थांबतील. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येणाऱ्या घरात राजीनामा हा शब्द काय असतो, ते त्यांना ठाऊक आहे.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुस्लिम गृहस्थांनी मिळून एक निवेदन काढले. बाकर अली मिर्झा, नवाब मंजूर यार जंग, मुल्ला अब्दुल बासित यांच्याबरोबर फरीद मिर्झांचीही त्यावर सही होती. रझाकारांचे दल बरखास्त करा, लोकांना जबाबदार राज्यपद्धती द्या, हिंदुस्थानात सामील व्हा, असा त्याचा आशय. सही करणाऱ्यांत सरकारी हुद्दे भूषवलेली वयस्क माणसे होती. त्यांना भारताकडून काही मिळवायचे नव्हते. आपल्या कौमेला कड्याच्या टोकाकडे नेले जात आहे हे त्यांना दिसत होते आणि तेच त्यांनी मांडले.

हे निवेदन ज्याने आपल्या अखबारात छापले, तो शोएबुल्लाह खान. वय सत्तावीस. आधी 'तेज' आणि 'रय्यत' या उर्दू पत्रांत काम केलेला. ती पत्रे सरकारने बंद पाडली, तेव्हा नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने स्वतःचे दैनिक काढले आणि नाव ठेवले 'इमरोज'. म्हणजे आज. भाषा उर्दू, संपादक मुसलमान, शहर हैदराबाद. हिंदू-मुस्लिम एकीवर आणि रझाकारांच्या विरोधात तो रोज लिहीत होता. ज्या जबानीत रझाकारांची भाषणे होत, त्याच जबानीत त्यांना उत्तर मिळत होते. मराठी किंवा इंग्रजी पत्रांतली टीका शत्रूची म्हणून उडवून देता येत होती. 'इमरोज'चे काय करायचे?

धमक्या येत होत्या. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हैदराबादच्या एका जाहीर सभेत विरोधात उठणारे हात तोडण्याची भाषा झाली. २१ ऑगस्टच्या रात्री काम संपवून शोएबुल्लाह आपले मेहुणे इस्माईल खान यांच्याबरोबर काचिगुड्यातल्या घराकडे पायी निघाले होते. घराजवळ त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तलवारीने वार झाले. शोएबुल्लाहांचा हात तोडला. लिहिणारा हात. वाचवायला पुढे झालेल्या इस्माईल खान यांचाही हात तुटला, पण ते जगले. शोएबुल्लाह पहाटेपर्यंत गेले. त्यानंतर हैदराबाद भारतात यायला चार आठवडेही लागले नाहीत.

सूरह निसामधली न्यायाच्या साक्षीची आयत आपल्या वाचकांना सांगायला नको. आई-बाप, नातलग, स्वतः आपण, यांच्या विरुद्ध जात असली तरी साक्ष खरी द्यायची. आपण ती तिलावतीत वाचतो आणि पुढच्या आयतीवर जातो.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. १४ तारखेला औरंगाबाद त्यांच्या हाती आले, १७ तारखेला सायंकाळी निजामांनी लढाई थांबवली. लोक याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. लातूर, उस्मानाबाद, नांदेडकडच्या आपल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात मात्र हा शब्द वेगळ्या आवाजात येतो. दार लोटून घेण्याची जी कारणे आम्ही वर म्हटली, ती इथे आहेत.

रझाकार पळाले. सापडले ते गरीब. केंद्र सरकारने नंतर पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीसाठी पाठवले. काझी साहेब म्हणजे 'पयाम' पत्राचे संपादक राहिलेले, 'लैला के खुतूत' लिहिणारे. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरून लोकांचे जबाब घेतले. फौजा आल्यानंतरच्या हिंसेत निदान सत्तावीस हजार ते चाळीस हजार माणसे गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त मार उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर, नांदेड या जिल्ह्यांना. काही ठिकाणी फौजेतल्या माणसांवरही त्यांनी ठपका ठेवला. हा अहवाल कित्येक दशके दडून राहिला. ए. जी. नूरानी यांनी २०१३ मध्ये आपल्या पुस्तकात तो संपूर्ण छापला, तेव्हा कुठे लोकांनी वाचला. कासिम रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात होते, सुटल्यावर पाकिस्तानात गेले. निजामांचे पंतप्रधान लायक अली त्याआधीच निसटून तिकडे पोचले होते. 'मीच राजा' म्हणायला शिकवणारे गेले, आणि हिशेब चुकवायला मागे राहिल्या विधवा.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. आम्हाला वाटते ती दोन्ही बाजूंच्या मुलांना शाळेत सांगावी. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान कुटुंबांना वाचवले, काहींनी त्यात जीवही गमावला. आणि त्यातही एकाच धंद्यातली माणसे एकमेकांसाठी जास्त उभी राहिली. मुसलमान विणकरांवर जमाव चालून आला तेव्हा हिंदू विणकर आडवे आले आणि त्यांनी त्याची मोठी किंमत दिली, असे समितीने नोंदवले आहे. मागाच्या खड्ड्यात जन्म घालवलेल्या माणसांचे हे शहाणपण. ज्याच्याबरोबर सूत वाटून घेतले, ज्याच्या घरी ताणा लावायला हात दिला, त्याला जमावाच्या स्वाधीन कसे करायचे? ही माणसे कुठल्या पक्षात नव्हती, त्यांच्या नावाचा स्तंभ नाही. जमाव जे करायला सांगतो ते न करणे, हादेखील प्रतिकारच होता.

याला जोड युरोपातल्या एका मुस्लिम मुलुखात सापडते. अल्बानियात बहुसंख्य मुसलमान. १९३९ मध्ये इटलीने आणि १९४३ मध्ये जर्मनीने तो देश घेतला. जर्मनांनी यहुद्यांची यादी मागितली, तेव्हा ती दिली गेली नाही. तिथे 'बेसा' नावाची रीत आहे. दारात आलेल्याला दिलेला शब्द जीव गेला तरी पाळायचा. रेफिक वेसेली हा सतरा वर्षांचा मुस्लिम मुलगा तिराना शहरात फोटोग्राफी शिकत होता. यहुदी फोटोग्राफर मांदिल यांचे कुटुंब संकटात आले, तेव्हा त्याने त्यांना आपल्या आई-बापांच्या घरी, क्रूया गावच्या डोंगरात नेले. मोठी माणसे दिवसा गोठ्यावरच्या अडगळीत लपत आणि मुले गावच्या मुलांत खेळत. त्या घरच्या आईने रोज चुलीवर किती माणसांचे जास्त रांधले असेल, आणि पाणवठ्यावर बायकांनी विचारले तर काय सांगितले असेल! अशा लढ्याचा अर्धा भार स्वयंपाकघरावर पडतो आणि इतिहासात त्याची नोंद होत नाही. युद्ध संपले तेव्हा अल्बानियात यहुदी युद्धाआधी होते त्याहून जास्त होते. जर्मनांच्या कब्जातल्या दुसऱ्या देशांत असे क्वचितच घडले.

वेसेलींनी परधर्माच्या माणसाला परक्या फौजेपासून वाचवले. फरीद मिर्झा आणि शोएबुल्लाह यांना मात्र आपल्याच माणसांसमोर उभे राहायचे होते, आणि हे जास्त अवघड. म्हणूनच कदाचित त्यांची आठवण ठेवायला कोणी उरले नाही. आपल्या घरांत त्यांचे नाव घेतले की रझाकारांची आठवण निघते, ती नको असते. बाहेरच्या भाषणांत त्यांचे नाव एका वाक्यात येते, कारण जास्त घेतले तर 'ते' आणि 'आम्ही' अशी सरळ रेघ ओढता येत नाही.

तेव्हा भगिनी, मुलाला सगळे सांगा, असे आमचे मत आहे. आठवीतल्या मुलाला समजते. रझाकारांनी काय केले ते आधी सांगा, आवाज न चढवता आणि न दबवता. मग शोएबुल्लाहांचे सांगा, सात सह्यांचे सांगा. विणकरांचे सांगा. सप्टेंबरनंतर काय झाले तेही सांगा, पण ते एकटे सांगू नका. नुसते तेवढे सांगितले तर मुलगा तक्रार घेऊन मोठा होईल, नुसते रझाकारांचे सांगितले तर शरम घेऊन. शाळेत भाषण करायचे असेल तर शोएबुल्लाह खान हा विषय त्याने घ्यावा. पाच मिनिटांना पुरून उरतो. आणि दादाअब्बांना पुन्हा एकदा विचारायला सांगा. या वेळी त्यांच्यासमोर वही-पेन घेऊन बसायचे, मध्ये बोलायचे नाही, आणि दख्खनीत बोलले तर दख्खनीतच लिहून घ्यायचे.

इतर वाचकांनाही हीच विनंती. १९४८ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या आसपास आहे. ज्या घरात असे कोणी हयात आहेत त्यांनी उशीर करू नये. कोणी आसरा दिला, कोणाच्या घरी लपून राहिलात, कोणी दार उघडले नाही, गाव कोणते, तेवढे जरी कागदावर आले तरी चालेल. नावे द्यायची नसतील तर देऊ नयेत. आलेल्या आठवणी या पानातून देण्याचा विचार आहे.

फरीद मिर्झांनी पुढे इंग्रजीत एक लहानशी पुस्तिका लिहिली. पोलीस ॲक्शनच्या आधीचे दिवस आणि नंतरचे दिवस, दोन्ही तिच्या शीर्षकातच आहेत.